ओझं कुणाचं?

एका रविवारच्या बैठकीत मोबाईलवर फोटो फिरला आणि विषयपत्रिका बाजूला पडली. फोटोत आम्ही पाचजण. इर्शाळगडाच्या नेढ्याखाली, चिंब भिजलेले, दात काढून उभे. पाठीवर सॅका. मागं सगळं धुकं.

आमच्यातले एक जुने कार्यकर्ते आहेत. पँथरच्या दिवसांत रात्री पोस्टरं चिकटवत फिरलेले. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. काकांनी फोटो डोळ्याजवळ नेला, लांब धरला आणि म्हणाले, "ही आपली पोरं, का कुणा शेटची?"

हसण्यावारी नेता आलं असतं. नेलं नाही. कारण काकांचा सवाल खोटा नव्हता. ते म्हणाले, "वस्तीत गुडघाभर पाणी, पोरांच्या स्कॉलरशिपा अडकलेल्या, अन् तुम्ही धबधब्याखाली नाचता. डोंगर बघून कुणाचं पोट भरलंय? ही पांढरपेशांची चैन. त्यांना गावात राबावं लागत नाही म्हणून त्यांना गाव हिरवंगार दिसतं."

आमच्यातली एक पोरगी, कायद्याच्या शेवटच्या वर्षाला असलेली, उसळून म्हणाली, "म्हंजे चैन त्यांची आणि चिखल आमचा, हे कुणी ठरवलं काका? जन्मभर फक्त दुःखाचंच खातं सांभाळायचं का आम्ही?"

दोघंही खरं बोलत होते. बैठक मोडली, पण प्रश्न मोडला नाही. तो माझ्यासोबत लोकलमधून घरी आला. म्हणून हे लिहितो. फोटोत दिसत नाही अशी एक गोष्ट त्या दिवशी घडली होती, आणि ती मी बैठकीत सांगितली नव्हती. तीही इथं सांगतो.

आधी त्या पोरीची बाजू.

1934 साली बाबासाहेब आपल्या सोबत्यांना घेऊन सहलीला निघाले होते. होय, सहलीलाच. चळवळीतल्या सहकाऱ्यांनी हौस बोलून दाखवली, बाबासाहेब हो म्हणाले. वेरूळची बौद्ध लेणी बघायची ठरली. तीसेक माणसं, सगळी आपली. वाटेत दौलताबादचा किल्ला. प्रवासानं अंगावर धूळ बसलेली. किल्ल्याच्या दाराशी पाण्यानं भरलेला हौद दिसला, काहीजणांनी हातपाय-तोंड धुतलं. झालं. एक म्हातारा ओरडत आला की धेडांनी पाणी बाटवलं. लोक जमा झाले, शिवीगाळ झाली, प्रकरण हातघाईवर येऊ लागलं. शेवटी किल्ला बघायची परवानगी मिळाली ती एका अटीवर : आत कुठंही पाण्याला शिवायचं नाही. आणि ते शिवत नाहीत ना हे बघायला एक हत्यारबंद शिपाई सोबत दिला. बाबासाहेबांनी ही हकीकत स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवली आहे. महाडचा सत्याग्रह होऊन तेव्हा सात वर्षं झाली होती. गोलमेज परिषदेत बसून आलेला माणूस होता तो.

ह्या प्रसंगातून आपण पाणी तेवढं लक्षात ठेवतो. मला दुसरंही दिसतं. एवढ्या कामाच्या रगाड्यातला माणूस दोस्तांबरोबर लेणी बघायला निघाला. डोंगर, किल्ला, दगडातलं शिल्प बघायची हौस त्याला होती आणि त्याची लाज नव्हती. चवदार तळं सार्वजनिक, तसा डोंगरही सार्वजनिक. तळ्यावर पाणी प्यायचा हक्क जर माणूसपणाचा, तर डोंगरावर चढून वारा खायचा हक्कही माणूसपणाचाच. तेव्हा काका, डोंगर ही कुणा शेटची मिरास नाही. हा मुद्दा मी सोडणार नाही.

आता काकांची बाजू. ती मी काकांच्या नव्हे, माझ्या आज्याच्या तोंडून सांगतो.

आजा घाटाखालचा, कर्जतच्या अंगाचा. त्याच्या पोरवयात घरात वतन होतं. वतन म्हणजे काय, तर गावाचा सांगावा घेऊन पळायचं, मेलेलं ढोर ओढायचं, आणि सरकारी अंमलदार दौऱ्यावर आला की त्याच्या घोड्यापुढं वाट दाखवत चालायचं. डोक्यावर त्याचं बोचकं. पाऊस असला तर बोचक्यावर इरलं आणि आजा भिजत. ह्याच डोंगरातून, ह्याच वाटांनी. मी लहान असताना त्याला विचारलं होतं, "आज्या, वरनं कसं दिसायचं रं?" तो म्हणाला, "बोचकं असलं डोसक्यावं की मान वर हुईत न्हाई. मला फकस्त सायबाच्या घोड्याचं पाय ठावं."

आख्खा सह्याद्री पायाखाली घातलेला माणूस. त्यानं डोंगर बघितला नव्हता.

मुंबई राज्यात कनिष्ठ गावकामगार वतनं रद्द करणारा कायदा 1958 साली झाला. त्याच्या तीस वर्षं आधी बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतनाचं बिल मांडलं होतं. तीस वर्षं लागली बोचकं खाली ठेवायला. आज मी पाठीवर सॅक घेतो तेव्हा ती माझ्या मर्जीनं घेतो. ओझं तेच असेल, दहा किलोचं. पण लादलेलं ओझं आणि निवडलेलं ओझं ह्यात एका पिढीच्या लढ्याचं अंतर आहे. आज्याच्या वाटेनं आज्याचा नातू मान वर करून चालतो, ह्यात चळवळ नाही असं कोण म्हणेल?

इथवर माझी छाती फुगलेली. आता ती गोष्ट.

जुलै 2022. आम्ही पहाटेच्या लोकलनं कर्जतला उतरलो, तिथून सहा आसनीनं चौकला. पाऊस मी म्हणत होता. नानिवलीकडनं वाट चढते. चिखल, झरे, पाय घसरतोय. तास-दीड तासानं गडाच्या सुळक्याखाली ठाकरांची वाडी लागते, इर्शाळवाडी. चाळीस-पन्नास घरं. आम्ही तिथं एका ओसरीला टेकलो. घरातल्या मावशीनं कोरा चहा दिला. चुलीचा धूर, ओले कपडे, कोंबड्या. बरं वाटलं. वर नेढ्यापर्यंत जायचं तर वाट निसरडी, म्हणून वाडीतला एक पोरगा सोबत यायला तयार झाला. वीस-बावीसचा असेल.

माझा गुडघा दुखत होता. खरंच दुखत होता का? थोडासा. मी त्याला म्हणालो, "ए, ही सॅक घेशील का वरपर्यंत?" तो म्हणाला, "दोनशे द्या." मी म्हणालो, "दीडशे." तो हसला, सॅक खांद्याला लावली आणि अनवाणी पायानं शेरडासारखा पुढं निघाला.

मी मोकळ्या पाठीनं चढलो. मान वर करून. डोंगर फार सुंदर दिसला. धुकं फाटलं तेव्हा पलीकडं प्रबळगड आणि माथेरानचा डोंगर दिसला, खाली मोरबे धरणाचं पाणी चमकलं.

उतरताना आमच्यातला एकजण, झेडपीच्या शाळेत मास्तर आहे, माझ्या शेजारनं चालत होता. बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "तू त्याला काम दिलंस, का ओझं दिलंस?"

मी चिडलो. म्हणालो, "मास्तर, तत्त्वज्ञान नको. पावसात त्याला दुसरा पैसा कुठं मिळतो? मी सॅक दिली नसती तर त्याचे दीडशे गेले असते." मास्तर म्हणाला, "सायबही हेच म्हणत असतील. म्हारांना वतन दिलंय, नाहीतर उपाशी मरतील."

हे वाक्य मला लागलं. अजून लागतं.

दोस्तहो, काम आणि ओझं ह्यात फरक काय, ह्याचा मी तेव्हापासून विचार करतोय. वजनात फरक नाही. पैशातही नाही, ओझ्यालाही पैसे मिळतात, आज्यालाही बलुतं मिळायचं. मला तीन खुणा सापडल्या. पहिली : नाही म्हणता येतं का? दुसरी : मोल कोण ठरवतं? तिसरी : ज्याच्या पाठीवर ते आहे त्याला नाव असतं का, का नुसतं "ए"?

आज्याला ह्या खुणा लावून बघा. नाही म्हणता येत नव्हतं, जन्मानंच बांधलेला. मोल गाव ठरवायचं. नाव नव्हतं, "ए म्हारा" होतं. तिन्ही बाजूंनी ओझं.

आता तो ठाकराचा पोरगा. नाही म्हणू शकला असता. पण पावसाळ्यात हातात रोकड नसलेल्या माणसाचं "नाही" किती पायांवर उभं असतं? मोल त्यानं सांगितलं, मी पाडलं. पन्नास रुपये. कर्जत स्टेशनात आम्ही पाचजणांनी वडापाव-चहाला त्याहून जास्त घालवले होते. आणि नाव? मी विचारलंच नव्हतं. मी त्याला "ए" म्हणालो होतो. आज्याच्या नातवानं.

बाबासाहेबांनी ह्या देशातल्या विषमतेला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं. शिडीवरच्या प्रत्येकाला आपल्या खालची पायरी सापडते, म्हणून शिडी मोडत नाही. आपण हे भाषणात शंभरदा बोललो आहोत. पण आपला पाय कुणाच्या खांद्यावर आहे हे बघायला मान खाली करावी लागते. त्या दिवशी मी मान वर करून चाललो होतो.

मग काय करायचं? कुणाला सॅक द्यायचीच नाही? आमच्यातला एकजण म्हणतो, आपलं ओझं आपण वाहायचं, विषय संपला. ऐकायला स्वच्छ वाटतं. पण त्यात माझे हात स्वच्छ राहतात, त्याचे रिकामे राहतात.

ह्याच कर्जत तालुक्यातलं माथेरान घ्या. तिथं मोटारींना बंदी, म्हणून माणसानं माणसाला ओढायच्या हातरिक्षा पिढ्यान्‌पिढ्या चालल्या. चढावर एक ओढतो, मागनं दुसरा ढकलतो, आत पर्यटक बसलेला. 6 ऑगस्ट 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयानं हे माणसाच्या प्रतिष्ठेच्या विरोधात आहे असं सांगून सहा महिन्यांच्या आत हातरिक्षा बंद करण्याचा आदेश दिला. खंडपीठाच्या अध्यक्षस्थानी तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई होते. आपल्याला आनंद झाला, व्हायलाच हवा. पण त्या आदेशातला दुसरा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. नुसतं "बंद करा" म्हटलं नाही. ओढणाऱ्यांना ई-रिक्षा मिळतील अशी योजना सरकारनं करावी, पैसा नाही ही सबब चालणार नाही, असंही सांगितलं. म्हणजे पाठीवरचं ओझं काढायचं तर हातात काहीतरी द्यावं लागतं. नाहीतर ते ओझं पोटात जातं.

एकट्या माणसाची दया आणि व्यवस्थेतला बदल ह्यात हाच फरक. मी सॅक स्वतः उचलली, ठीक. ती माझी शिस्त झाली. त्याची मुक्ती नाही झाली.

इथं हा लेख संपवता आला असता. पण पुढं 2023 आलं.

19 जुलै 2023. रात्री डोंगर वाडीवर आला. दिवस न्‌ दिवस पाऊस कोसळत होता, वरची माती-दगड सुटले आणि झोपलेली घरं घेऊन गेले. वाडीला रस्ता नव्हता. जेसीबी चढेना, हवेमुळं हेलिकॉप्टर उतरेना. बचावाला गेलेले लोक आम्ही गेलो त्याच वाटेनं, त्याच चिखलातनं पायी वर गेले आणि फावड्या-कुदळींनी उकरू लागले. चार दिवसांनी, 23 तारखेला, शोध थांबवला. 27 मृतदेह मिळाले. 57 माणसं बेपत्ता राहिली. ती तिथंच आहेत, डोंगराच्या पोटात. दरडीचा धोका असलेल्या गावांच्या सरकारी यादीत ती वाडी नव्हती.

माळीण 2014 साली गेलं, तिथं दीडशेच्या वर माणसं. तळिये 2021 साली, आपल्या महाड तालुक्यातलं. मग इर्शाळवाडी. दरवेळी पावसाळा, दरवेळी डोंगराच्या कुशीतली वस्ती. डोंगर पडणं हा निसर्ग असेल. पण कुणाच्या अंगावर पडायचं हे एकटा निसर्ग ठरवत नाही. कुणाला सपाटीची जमीन मिळाली, कुणाला उतार, कुणाला रस्ता मिळाला आणि कुणाला पायवाट, ते माणसांनी ठरवलेलं असतं.

बघा, त्या डोंगराची वाटणी कशी झाली होती. पायथ्याच्या मोरबे धरणाचं पाणी नवी मुंबईला. हिरवा देखावा आम्हाला, शनिवार-रविवारचा. आणि डोंगराचा भार ठाकरांना, बारा महिने. मी त्या पोराला दहा किलोची सॅक दिली म्हणून तीन वर्षं स्वतःला खातोय. त्याच्या घरावर अख्खा सुळका उभा होता, त्याच्याकडं मी फोटो काढण्यापलीकडं बघितलंच नव्हतं.

नंतर याद्या आल्या. वारलेल्यांच्या, बेपत्ता असलेल्यांच्या, वाचलेल्यांच्या. मी मोबाईल घेऊन बसलो. वरनं खाली, खालनं वर. एक-एक नाव वाचलं. आणि मग हात थांबला. मी शोधत काय होतो? मला त्याचं नावच माहीत नव्हतं. त्या मावशीचंही नाही. गडाची उंची मला पाठ होती. ज्याच्या पाठीवर माझं ओझं होतं, तो मेला का जगला हे कळायची वाट मी स्वतःच बंद केली होती, एका "ए"मध्ये.

तिसरी खूण, नावाची, मी आधी सहज लिहिली. ती सहज नाही. नाव विचारणं म्हणजे शिष्टाचार नाही. ज्याचं नाव आपल्याला ठाऊक, त्याच्या मरणाचा जाब आपल्याला विचारता येतो. बिननावाच्या माणसाचा फक्त आकडा होतो.

2024 च्या पावसात आम्ही पुन्हा निघालो. ह्या वेळी कर्जतजवळ कोंढाणे लेण्यांत. राजमाचीच्या पोटात कोरलेलं आपलं लेणं, इसवीसनाच्या आधीचं. चैत्याच्या दर्शनी भागाशी एका मोडक्या शिल्पाजवळ ब्राह्मी लेख आहे : कण्हाचा शिष्य बलक, त्यानं हे केलं, एवढंच सांगणारा. दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी काम केलं आणि त्याचं नाव दगडावर राहिलं. मी त्या नावाखाली उभा राहिलो. वरनं धबधबा पडत होता, त्याखाली शे-दोनशे माणसं, स्पीकर लावलेला, बाटल्या पडलेल्या. बलकाकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

तिथं मला वर्षावास आठवला. आपल्या विहारांतून आषाढापासून तीन महिने ग्रंथवाचन चालतं, ते सगळ्यांना माहीत आहे. पण वर्षावास मुळात का सुरू झाला? भिक्खू बारा महिने फिरत. लोकांनी तक्रार केली : हे पावसातही हिंडतात, कोवळं गवत तुडवतात, बारीकसारीक जीव चिरडतात. तथागतांनी ती तक्रार ऐकली आणि नियम घातला, पावसाचे तीन महिने एका जागी राहा. ज्यानं सर्वांच्या हितासाठी फिरा म्हणून सांगितलं, त्यानंच थांबा म्हणूनही सांगितलं. फिरणं चांगलं होतंच. पण आपल्या पायाखाली काय येतंय ह्याचा हिशेब फिरणाऱ्यानं द्यायचा, गवतानं नाही.

मला वाटतं, काका आणि त्या पोरीच्या भांडणाचा निवाडा इथं आहे. डोंगरावर जायचा हक्क आहे. तो दौलताबादच्या हौदाशी, महाडच्या तळ्याशी मिळवलेला आहे, तो सोडायचा नाही. पण हक्क मिळाला म्हणजे हिशेब संपत नाही, तिथं तो सुरू होतो. आपल्याला आनंद हवा तर तो कुणाच्या मानेवर बसून नको. तसा आनंद शेटजीचा झाला काय न्‌ आपला झाला काय, जात एकच.

म्हणून माझ्यापुरतं ठरवलंय. माझी सॅक मी वाहणार. वाटाड्या घेतला तर त्याचं मोल तो सांगेल तेच, आणि "दादा" म्हणून, नाव विचारून. ही झाली शिस्त. पण पावसात ज्या वाडीचा चहा पिला, त्या वाडीत उन्हाळ्यातही जायचं. तेव्हा धबधबे आटलेले असतात आणि विहिरी पण. तेव्हा कातकरवाड्या ओस असतात, कारण माणसं वीटभट्टीवर गेलेली असतात. तेव्हा बघायचं, 2006 च्या वनहक्क कायद्याचे दावे कुठल्या टेबलावर पडलेत, वाडीचा रस्ता कुठं अडलाय, धोक्याच्या यादीत वाडीचं नाव आहे का. आपल्याला अर्ज लिहिता येतो. आपल्या आज्यांनी कुणाचं बोचकं वाहिलं म्हणून आपण लिहायला शिकलो. ती अक्षरं त्या वाटेनं परत गेली पाहिजेत. ह्याच जिल्ह्यात 1930 साली चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात नाग्या महादू कातकरी गोळी लागून गेला. महाडच्या तळ्यानंतर तीनच वर्षांनी. आपल्या जयंत्यांच्या बॅनरवर त्याचं नाव किती वेळा बघितलंय?

काकांना हे सगळं पुढच्या बैठकीत सांगितलं. सॅकचं पण. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "पुढच्या टायमाला मला बी न्या. मी डोंगर चढलोच न्हाई कधी."

इर्शाळगडाखालनं वाचलेल्यांचं पुनर्वसन खाली चौककडं झालंय. मी एकदा तिथवर गेलो. नव्या घरांपासून थोडा लांब उभा राहिलो. विचारायचं तर कुणाला आणि काय? "दोन वर्षांपूर्वी माझी सॅक वाहणारा पोरगा इथं आहे का?" असं विचारायची माझी हिंमत झाली नाही. परत आलो.

पण जाणार आहे. सवाल तोंडावर घेऊन जाणार आहे. तो भेटला तर पन्नास रुपये देणं आहे. नाव विचारणं आहे.

जयभीम.